‘पोटखराब’ सड्याचे ऋतुचक्र

गोव्यात जमिनीचा ‘एक-चौदा’चा उतारा ज्याने हाताळला असेल, त्याला त्यातील ‘पोटखराब’ हा रकाना ठाऊक असतो. लागवडीस अयोग्य असे जे काही असेल ते तिथे जमा होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंत विखुरलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यांकडे महसुली दृष्टी याच रकान्यातून पाहत आली आहे. देशपातळीवरील पडीक जमिनींच्या नकाशांतही उघड्या खडकाळ जागेला पडीक जमिनीचाच एक प्रकार मानले गेले आहे. शेतसारा ठरवणाऱ्याच्या बाजूने पाहता या नोंदीत काही वावगे नाही. सड्यावर भात पिकत नाही, माड रुजत नाही, काजूसुद्धा कडेकडेनेच तग धरतो. मात्र ‘पीक येत नाही’ या वाक्याचा अर्थ केव्हा तरी ‘काहीच येत नाही’ असा झाला आणि त्या अर्थांतरावर पुढे पुष्कळ निर्णय उभे राहिले.

मे महिन्यात सड्यावर गेलेल्या माणसाला हा अर्थ खराच वाटेल. काळपट तांबूस कातळ उन्हाने असा तापलेला असतो की त्यावर हात ठेववत नाही. फटींमधले गवत करपून गेलेले, सावलीला झाड नाही, पाण्याचा मागमूस नाही. जूनमधल्या पहिल्या दमदार सरींनंतर पंधरवड्याने त्याच जागी परत गेले तर आपण वाट चुकलो की काय अशी शंका यावी. कातळावर शेवाळाचा हिरवा मुलामा चढलेला असतो, खळग्यांत पाणी साचलेले असते आणि बोटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुले वर आलेली असतात. ही दक्षिण कोकणपट्टीतील सड्यांची वनस्पती. जमिनीखालच्या कंदात तिने वर्षभराची शिदोरी बांधून ठेवलेली असते, म्हणून तिला इतरांच्या आधी फुलता येते. काळ्या मुसळीचे पिवळे तारेही याच सुमारास उमलतात. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीलगतची बारीक फुले सडा व्यापतात. गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या आणि सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा त्यात उठून दिसतो. पाऊस ओसरू लागला की कवल्याचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग येतो. ऑक्टोबरअखेर सारे गवत सोनेरी होते आणि डिसेंबरपर्यंत सडा पुन्हा ‘ओसाड’ होतो. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराने हे दृश्य महाराष्ट्रात घरोघर पोहोचवले. पश्चिम घाटातील इतर स्थळांसह कासला २०१२ साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला. गोव्यातील सडे उंचीने त्याच्यापुढे अगदीच ठेंगणे, बहुतेक समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आतले. पण खडक तोच, पाऊस तसाच, आणि चमत्काराची रीतही तीच.

हा खडक मुळात खडक म्हणून जन्मलाच नाही. उष्ण प्रदेशात मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांचा फेरा लक्षावधी वर्षे चालला की मूळ दगड, मग तो कोणत्याही जातीचा असो, रासायनिकदृष्ट्या कुजू लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखी विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, सिलिकाही हळूहळू झिजून जाते, आणि मागे उरतात ती लोह व अॅल्युमिनियम यांची न विरघळणारी ऑक्साइडे. लोहामुळे रंग तांबडा. जे निघून गेले त्याच्या जागी पोकळ्या राहतात, म्हणून जांभा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. थोडक्यात, जांभा म्हणजे शेकडो शतकांच्या पावसाने धुऊन धुऊन उरलेला चोथा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनीखाली असताना हा दगड लोखंडी हत्याराने वडीसारखा कापता येतो आणि हवा लागली की विटेसारखा कडक होतो, हे त्याचे निरीक्षण होते. चिरेखाणीवर काम करणाऱ्या कोणालाही ते वेगळे सांगायला नको. गोव्यातील घरे, देवळांचे आणि चर्चचे पाये, किल्ले, जुन्या गोव्यातील बाँ जेझूसच्या उघड्या भिंती हे सगळे याच चोथ्याचे बांधकाम.

आता मूळ आश्चर्याकडे येता येईल. वनस्पतीला जे जे हवे ते सारे ज्या दगडातून धुऊन गेले आहे, तिथे इतक्या जाती एकत्र कशा? उत्तर काहीसे उलटे आहे: त्या तिथे आहेत त्या दारिद्र्यामुळेच. सुपीक जमिनीत जोमदार वाढणारी चार-दोन झाडे बाकीच्यांना सावलीत गाडून टाकतात. सड्यावर कोणालाच जोम धरता येत नाही. माती कुठे नखभर, कुठे वीतभर. पावसाळ्यात मुळे पाण्यात बुडालेली आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा. अशा जागी मोठ्या झाडाला थारा नसतो, आणि मोठे नसले की बारक्यांना पुरेसे ऊन मिळते. शिवाय सडा लांबून एकसारखा दिसला तरी जवळून तो शंभर वेगळ्या जागांचा मिळून बनलेला असतो. उघडा कातळ, पाण्याची डबकी, बारीक भेगा, मातीने भरलेले खळगे, नुसती पाझरणारी ओल. वीतभर अंतरावर मातीची जाडी बदलते आणि तिच्याबरोबर रहिवासीही बदलतात. अशा कातळांवर एकेकटे राहून युगे लोटल्याने अनेक वनस्पती प्रदेशनिष्ठ झाल्या आहेत. म्हणजे जगात अन्यत्र त्या सापडत नाहीत.

अन्नाच्या टंचाईवर काहींनी काढलेला उपाय तर शाकाहारी कल्पनेला धक्का देणारा आहे. सड्याच्या ओल्या मातीत नत्र आणि स्फुरद नाममात्र असतात. म्हणून दवबिंदू ही वनस्पती आपल्या पानांवरच्या तांबड्या केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब धरून बसते. उन्हात हे थेंब दवासारखे चमकतात, चिलटे त्यांच्यावर उतरतात आणि अडकतात. मग शेजारचे केस सावकाश त्या भक्ष्याकडे वळतात आणि पानातून स्रवणाऱ्या पाचकरसांत त्याचे शरीर विरघळते. चार्ल्स डार्विनने या कुळातील वनस्पतींवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. गोव्यातला सडा त्याने पाहिला नाही, एवढेच.

सीतेची आसवे दिसायला याहून कितीतरी निरागस. जांभळट-निळे, नखाएवढे फूल, बारीक काडीवर वाऱ्यात डोलणारे. तिला खरी मुळेच नसतात. मुळांच्या जागी मातीत पसरलेल्या तंतूंवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान फुगे असतात. प्रत्येक फुग्याला आत उघडणारे एक दार आणि दाराशी संवेदनशील केस. वनस्पती फुग्यातले पाणी सतत बाहेर उपसत राहते, त्यामुळे आत दाब कमी होऊन फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात. एखादा सूक्ष्म जलचर केसाला चाटून गेला की दार उघडते, पाण्याबरोबर तो आत खेचला जातो आणि दार पुन्हा बंद होते. हा प्रकार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत संपतो. वनस्पतिसृष्टीत याच्याइतक्या वेगवान हालचाली फार थोड्या. ज्या फुलाला लोकमानसाने अशोकवनातल्या अश्रूंचे नाव दिले, ते जमिनीखाली असे सापळे लावून बसलेले असते.

खळग्यांतल्या पाण्याचीही एक वेगळी दुनिया असते. सह्याद्री परिसरातील कातळांवरच्या तात्पुरत्या डबक्यांत कोळंबीच्या दूरच्या नात्यातले ‘फेअरी श्रिम्प’ नावाचे पारदर्शक जीव सापडतात. पाठीवर उताणे होऊन पोहणारे, जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचे. डबके काही आठवड्यांत आटणार, हे त्यांच्या जीवनक्रमात धरलेलेच असते. तेवढ्या अवधीत ते अंड्यातून बाहेर येतात, वाढतात, अंडी घालतात आणि मरतात. अंडी मात्र तळाच्या वाळलेल्या धुळीत, रखरखीत उन्हात, प्रसंगी अनेक वर्षे जिवंत राहतात. वनस्पतींतही असे योगी आहेत. कातळावर वाढणारे ट्रायपोगॉन जातीचे गवत पार वाळून कोळ होते, हातात घेतले तर मेलेलेच वाटते. पाणी मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत तीच पाने पुन्हा हिरवी होतात. नवी पाने फुटतात असे नव्हे, जुनीच जिवंत होतात. सामान्य वनस्पतीच्या पेशी इतक्या कोरड्या झाल्या तर त्यांची रचनाच कोसळते. अवर्षणाशी झगडणाऱ्या शेतीसाठी या गुणाचा अभ्यास जगभर चालू आहे.

प्राण्यांचे म्हणाल तर पीतमुखी टिटवी सड्यावर उघड्यावरच अंडी घालते. ती आजूबाजूच्या खड्यांच्या रंगात अशी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. चंडोल इथेच गातो, फुरसे इथल्याच दगडांखाली वेटोळे करून बसते. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरून १९६३ साली शास्त्राला ज्ञात झालेली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल दक्षिण कोकणच्या जांभ्या कातळाबाहेर कुठेही नोंदली गेलेली नाही. म्हणजे काही जिवांचे सारे जग एवढ्याच ‘पोटखराब’ जागेत मावते.

फुले, किडे आणि पाली यांच्याविषयी ज्याला ममत्व नाही, त्यानेही सड्याकडे नीट पाहावे असे एक कारण आहे: पाणी.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर सड्यावर दर पावसाळ्यात साधारण तीन कोटी लिटर पाणी ओतले जाते. त्यातले काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते. उरलेले जांभ्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून खाली झिरपते. वरच्या कडक थराखाली मऊ जांभा असतो आणि त्याच्याही खाली, दगड अजून पुरता जांभा न झाल्याने, चिकणमातीचा थर असतो. विहीर खणणाऱ्यांना ही साबणासारखी बुळबुळीत, पांढरट-पिवळसर माती चांगली परिचयाची. पाणी तिच्यातून सहजासहजी उतरत नाही. ते तिच्यावर साठते, हळूहळू आडवे सरकते आणि सड्याच्या उतारावर जिथे हा थर उघडा पडतो तिथे झर होऊन बाहेर येते. पाऊस थांबल्यावरही झर महिनोन् महिने वाहते याचे कारण हेच. सडा म्हणजे छप्पर नसलेली टाकी, आणि झर तिचा नळ.

हा नकाशा ज्याला वाचता येतो त्याला गोव्यातील कितीतरी स्थळनामे नव्याने कळू लागतात. वेर्ण्याच्या पठाराकडून केसरव्हाळची झर येते. साळगावची साल्मोना झरही अशाच उतारावरची. पणजीत तर पुराव्यासाठी दूर जायला नको. आल्तिनोची टेकडी जांभ्याची. तिच्या पायथ्याशी वसलेल्या फोंताइन्हास या वाड्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘लहान झरे’. मळ्यातली फोंत फेनिक्स तिथलीच, आणि टेकडीच्या दुसऱ्या अंगाला ‘बोका द व्हाका’, म्हणजे आपल्या भाषेत गोमुख. आग्वादच्या किल्ल्याची गोष्ट याहून बोलकी. पोर्तुगिजांनी १६१२ साली तो मांडवीच्या मुखाशी जांभ्याच्या भूशिरावर बांधला. तोफा कुठूनही डागता आल्या असत्या. पण इथे गोड्या पाण्याचे झरे होते आणि लांबच्या सफरीवरून येणारी जहाजे इथे पाणी भरून घेत. ‘आग्वाद’ या शब्दाचा अर्थही पाणी भरण्याची जागा. तीन बाजूंना खारा समुद्र असलेल्या खडकातून गोडे पाणी मिळते, हे ज्यांना अवगत झाले त्यांनी त्या जागेला नावही त्यावरूनच दिले.

आज सड्यावर दुसरेच काही उभे आहे. पर्वरीच्या पठारावर विधानसभा, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, वेर्ण्याला औद्योगिक वसाहत, मोपाला विमानतळ. वास्कोत तर ‘सडा’ हे आता दाट वस्तीचे नाव आहे. मूळ सडा त्या नावापुरता उरला. याला केवळ लोभ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गोव्याचे एकूण क्षेत्र ३७०२ चौरस किलोमीटर. त्यात पूर्वेला अभयारण्ये, पश्चिमेला किनारपट्टीचे नियम, मध्ये भातशेती आणि खाजने. शाळा, इस्पितळ, कारखाना, विमानतळ यांना सपाट जागा हवी, आणि कोणाचे घर किंवा शेत न मोडता मिळणारी सपाट जागा म्हणजे सडा. बागायतीपेक्षा सड्यावर बांधलेले बरे, असे बहुसंख्य गोवेकरांनाही मनोमन वाटते. या निवडीत दोष आहे तो हिशेबाचा. सड्याची किंमत शून्य धरली की तिथे काहीही केले तरी नफाच दिसतो.

किंमत शून्य दिसण्याचे एक अगदी साधे कारण आहे. प्रकल्पांच्या पर्यावरणीय अभ्यासासाठी एका ऋतूची, आणि तीही पावसाळा वगळून, पाहणी करण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. हवेतील धूळ मोजायची असेल तर हे समजण्यासारखे आहे, कारण पावसात धूळ बसते. पण ज्या जागेचे सारे जीवन जून ते ऑक्टोबर एवढ्याच काळात प्रकटते, तिची पाहणी जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये करणे म्हणजे मध्यरात्री बाजारात जाऊन ‘इथे व्यापार होत नाही’ असा अहवाल देण्यासारखे. मोपा विमानतळाच्या वादातही झरी, झाडे आणि पर्यावरणीय माहितीचा अपुरेपणा हेच मुद्दे न्यायालयापर्यंत गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित ठेवला, जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठवली आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. तो निकाल आता झाला. इतर सड्यांचा व्हायचा आहे.

काँक्रिट आणि डांबर यांनी झाकलेल्या सड्यावरही पाऊस तेवढाच पडतो. फरक इतकाच की तीन कोटी लिटरांपैकी जवळपास सारेच पाणी आता गटारांतून काही तासांत खाली उतरते. पायथ्याच्या वाड्यावर जुलैत पूर येतो आणि मार्चमध्ये झर आटते. या दोन तक्रारी वेगवेगळ्या खात्यांकडे जातात; त्यांचे मूळ वरच्या एकाच टेकडीवर आहे, हे कोणत्याच फायलीत लिहिलेले नसते. उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. बांधकाम झाले तरी सड्याचा ठरावीक भाग उघडा ठेवणे, छपरावरचे पाणी पुन्हा जांभ्यात मुरवणे, झरींच्या वरच्या बाजूचे पाणलोट आधी नकाशावर आखून मग भूखंड पाडणे, हे सारे करता येण्याजोगे आहे. एक खबरदारी मात्र हवी. सडा ‘हिरवा’ करण्याच्या उत्साहात तिथे खड्डे खणून, माती आणून आकेशियाची रोपे लावण्याची हौस अनेकदा दिसते. झाडे लावणे चांगलेच; परंतु ज्या जागेचे वैभव मातीच्या अभावावर उभे आहे, तिथे माती टाकणे म्हणजे तेही संपवणे.

सड्याची किंमत फार पूर्वी कोणाला तरी कळली होती, याच्या खुणा कातळावरच आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे आणि सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी पणसायमळ येथील जांभ्यावरची शिल्पे मिळून २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. पणसायमळच्या कातळावर बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे आणि आत शिरल्यावर डोळ्यांना बाहेर पडता येऊ नये असे एक चक्रव्यूहासारखे वर्तुळ आहे. रत्नागिरीकडे भव्य हत्ती आणि आज कोकणात कुठेच नसलेला गेंडाही कोरलेला आढळतो. कोरणारे कोण होते हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. ज्या पृष्ठभागाला आपण ओसाड म्हणतो, त्यावर हत्तीएवढे चित्र काढण्यासाठी किती दिवस बसावे लागले असेल, याचा अंदाज मात्र कोणालाही करता येईल.

सडा पाहायचा असेल तर त्यासाठी तिकीट नाही की वाट दाखवणारा लागत नाही. गावाच्या वर चढून गेले की झाले. जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम, आणि एकच जागा दर तीन आठवड्यांनी पाहिली तर बदल अधिक लक्षात येतो. वाहन कडेलाच थांबवावे, कारण ओल्या मातीत उमटलेली चाकोरी पुढची कित्येक वर्षे बुजत नाही. पायही शक्यतो उघड्या कातळावरच टाकावा. बहुतेक फुले चार बोटांहून उंच नसतात, तेव्हा खाली बसल्याशिवाय काही दिसणार नाही; साधे भिंग जवळ असले तर दवबिंदूच्या पानावरचे चिलटही दिसेल. दगड मात्र उलथू नयेत. फुरसे लांबीने हातभरच असते, रंग दगडाचाच असतो आणि त्याचा दंश प्राणावर बेतू शकतो.